चाळिसावा भिडू

ठमीच्या आईला एकोणचाळीस माणसं सुचली होती. चाळिसावं काही केल्या सुचत नव्हतं.

माणसं म्हणजे लढणारी माणसं. ती गेम बनवणाऱ्या एका कंपनीत लेखिका होती. कंपनीचे जुने गेम तसे साधेसुधे. एक शेतीचा, एक स्वयंपाकाचा, एक दातांच्या दवाखान्याचा, एक गाड्यांच्या शर्यतीचा आणि असेच आणखी काही. तीन वर्षांपूर्वी दिग्दर्शकांच्या डोक्यात आलं, की या सगळ्या गेममधली माणसं उचलून एकाच आखाड्यात सोडावीत आणि त्यांना एकमेकांशी लढू द्यावं. नाव ठेवलं ‘सगळे विरुद्ध सगळे’. त्यात दंतवैद्य पक्कड घेऊन स्वयंपाक्याच्या मागे धावायचा, स्वयंपाकी त्याला कढईने टोलवायचा आणि शेतातलं बुजगावणं शर्यतीतल्या वाहतूक पोलिसाला स्वतःचे कपडे घालून कोपऱ्यात उभं करायचं. लोकांना हा गेम इतका आवडला की दुसरा भाग काढावाच लागला. पहिल्या भागात बारा भिडू होते. दुसऱ्यात चाळीस असतील, असं दिग्दर्शकांनी ऑफिसात कोणालाही न विचारता जाहीर करून टाकलं आणि मग लेखिकेला बोलावून विचारलं, की जमेल ना?

जमेल, असं ती म्हणाली होती. त्या वेळी बाळंतपणानंतर तिला या नोकरीला लागून जेमतेम दोन दिवस झाले होते आणि जागा तीन महिन्यांच्या बोलीवर होती. काम पाहू, मग कायम करू. पहिल्याच दिवशी दिग्दर्शक म्हणाले होते, “मॅडम, माझं एकच म्हणणं आहे. घर घरी, काम कामावर.” तिने एवढ्या जोरात मान हलवली होती की केसातली पिन निसटून पडली.

खरं तर तिला एक गोष्ट मागायची होती. आठवड्यातले दोन दिवस घरून काम. ठमी आठ महिन्यांची. तिला दिवसाचे नऊ तास, आठवड्याचे पाच दिवस सासूबाई सांभाळत. सासूबाईंचं वय त्रेसष्ट, उजवा गुडघा कुरकुरणारा. त्या स्वतः मात्र कधी कुरकुरत नसत, हीच मोठी पंचाईत होती. त्यांनी तक्रार केली असती तर निदान चार शब्द बोलता तरी आलं असतं. संध्याकाळी ही घरी आली की त्या ठमीला हिच्या हातात देत, “काही त्रास नाही दिला हो,” म्हणत आणि कठडा धरून एकेक पायरी चढत वरच्या खोलीत जात. खालून ती त्या पायऱ्या ऐकत राही. तिने मनाशी ठरवलं होतं. कायम झालो की दोन दिवस मागायचे. नाही मिळाले तर नोकरी सोडायची. यातलं घरात कोणालाच ठाऊक नव्हतं.

तर, चाळिसावा भिडू.

प्रत्येक भिडूचा एक फॉर्म असे. नाव, वजन, राग कशाने येतो, खास वार कोणता, जिंकल्यावर काय म्हणतो, असं सगळं त्यात भरायचं. भरलेला फॉर्म आपोआप एका फोल्डरमध्ये जाई आणि तिथून मूर्तिकार तो उचले. मूर्तिकार म्हणजे स्क्रीनवरची शरीरं घडवणारा आणि ती हलवणारा माणूस. अबोल, कामाला वाघ. लेखकांना प्रश्न विचारायचं त्याने कधीच सोडून दिलं होतं. एकदा त्याने, बुजगावण्याला घाम कसा येतो, एवढंच विचारलं होतं, तर उत्तरादाखल चार पानं आली होती. तेव्हापासून फोल्डरात जे सापडेल ते तो निमूटपणे घडवत असे.

त्या बुधवारी सासूबाईंना डोळे तपासायला जायचं होतं. ठमीला दिवसभर एकट्याने सांभाळायची पाळी पहिल्यांदाच ठमीच्या बाबांवर आली. बाबा पुलांचे नकाशे काढत. कागदावर नसलेल्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता. तोंडी काही सांगू नकोस, सगळं लिहून दे, असं त्यांनी दारातच बजावलं. बस यायला नऊ मिनिटं होती, एका हातात ठमी होती आणि लॅपटॉपवर समोर उघडा होता तो चाळिसावा कोरा फॉर्म. तिने एका बोटाने तोच भरला.

नाव : ठमी.

वजन : सात किलो चारशे. उचलायला हलकी, खाली ठेवायला अशक्य.

राग कशाने येतो : खाली ठेवल्याने. उचलून उभं राहिल्याने. उचलून बसल्याने.

खास वार : चष्मा ओढणे. केस धरून लोंबकळणे. नेम धरून दुधाची गुळणी.

थकते का : नाही. वीस मिनिटं डोळा लागतो, की पुन्हा ताजीतवानी.

कमजोरी : अजून सापडलेली नाही.

शांत कशाने होते : फक्त आईंना माहीत. अगदीच घोडं अडलं तर त्यांना विचार.

जिंकल्यावर काय म्हणते : ब्बू.

फोटो टाकल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नसे, म्हणून फोनमधला हाताला लागला तो फोटो तिने टाकला. पिवळं टोपडं, एकाच पायात मोजा. मग फॉर्म नवऱ्याच्या फोनवर पाठवला, लॅपटॉप मिटला आणि ती पळाली. पुढे एवढंच झालं, की दुपारपर्यंत बाबांनी आपल्या आईला सहा फोन केले आणि डोळ्यांत औषध घातलेलं असताना, धूसर रस्त्याने वाट काढत, सासूबाई वेळेआधीच घरी आल्या. फॉर्मचं नावही पुन्हा कोणी काढलं नाही. आणि फॉर्म आपला सवयीप्रमाणे फोल्डरात जाऊन बसला.

तिला हे कळायला हवं होतं. पण फोल्डर उघडला की एकोणचाळीस हा आकडा समोर येईल, म्हणून ती तो उघडतच नव्हती. पुढचे अडीच आठवडे ती बसमध्ये, भाजी चिरताना, ठमीला पाजताना चाळिसावा भिडू शोधत राहिली. दीपगृहाचा रखवालदार झाला होता, ग्रंथपालबाई झाली होती, शर्यतीतला पंक्चर काढणारासुद्धा झाला होता. माणसंच संपली होती.

तीन महिने पुरे व्हायला पाच दिवस उरले आणि सोमवारी बैठक आली. गेम विकणारे पाहुणे आले होते. दिग्दर्शक मोठ्या स्क्रीनवर एकेक भिडू दाखवत होते. पस्तीस, छत्तीस, सदतीस. तिने ठरवलं होतं, एकोणचाळिसाव्यानंतर उभं राहायचं आणि सरळ सांगायचं, की चाळिसावा झालेला नाही, चूक माझी. दीपगृहाचा रखवालदार कंदील फिरवून निघून गेला. ती खुर्चीतून अर्धी उठली.

आखाडा रिकामा होता. मग डाव्या कोपऱ्यातून पिवळं टोपडं रांगत आत आलं. एकाच पायात मोजा.

ती तशीच, अर्धी उठलेली, राहिली.

समोरून वाहतूक पोलीस आला. त्याने ठमीला उचललं आणि तिथेच त्याचा घात झाला, कारण मूर्तिकाराने फॉर्ममधलं अक्षर न् अक्षर पाळलं होतं. पोलिसाला तिला खाली ठेवता येईना. ठेवायला वाकला की किंकाळी आणि किंकाळीसरशी त्याच्या हातातली शिट्टी गळून पडे. मग त्याचा काळा चष्मा गेला. मग टोपी. शेवटी नेम धरून आलेल्या दुधाच्या गुळणीने तो आडवा झाला. ठमी त्याच्या छातीवर बसली आणि म्हणाली, “ब्बू.”

पाहुणे हसून हसून लाल झाले. दिग्दर्शकांनी वळून विचारलं, “मॅडम, हा हुकमाचा पत्ता इतके दिवस लपवून ठेवलात?”

“हो सर,” ती म्हणाली. मग म्हणाली, “म्हणजे, नाही सर.” मग खाली बसली. सगळ्यांना तो विनय वाटला. त्याच संध्याकाळी ठमीचं चित्र जगभर गेलं आणि त्याखाली लिहिलं होतं, चाळीस पुरे.

मंगळवारी गेम चाचणीवाल्याकडे गेला. चाचणीवाला पिकल्या मिशांचा गृहस्थ होता. अकरा वर्षं तो बटणं दाबत आला होता आणि त्याच्या अंगठ्यांना ऑफिसात मान होता. या गेमचा एक नियम दिग्दर्शकांनी पहिल्यापासून कडक पाळला होता. प्रत्येक भिडूला प्रत्येक भिडू हरवू शकला पाहिजे. स्वयंपाकीही हरला पाहिजे आणि बुजगावणंही. अजिंक्य कोणी नाही. एकही तसा निघाला तर गेम बाहेर जाणार नाही.

संध्याकाळपर्यंत चाचणीवाला ठमीशी एकशे बारा वेळा लढला आणि एकशे बारा वेळा हरला. मारलं तर ती रडे आणि मारणाऱ्याचाच जोर जाई. न मारता थांबलं तर ती जवळ येऊन केस धरे. दमवावं म्हटलं तर, फॉर्ममधल्या वीस मिनिटांची गेममध्ये वीस सेकंद झाली होती, तेवढे डोळे मिटून पुन्हा ताजीतवानी. बुधवारी सकाळी त्याने कंट्रोलर टेबलावर ठेवला आणि, अशी बाई आपण अकरा वर्षांत पाहिली नाही, असं जाहीर केलं. मग दिग्दर्शक स्वतः बसले. दंतवैद्य घेऊन हरले, रखवालदार घेऊन हरले. लेखिकेला बोलावणं आलं. भिडू तुमचा आहे, तुम्हाला तरी हरवता येत असेल. तीही बसली आणि ओळीने अकरा वेळा हरली. तिला त्यात नवीन काही वाटलं नाही, पण ते तिने बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात इतके दिवस न बोललेला मूर्तिकार बोलला. फॉर्म हातात घेऊन तो म्हणाला, “इथे लिहिलंय, फक्त आईंना माहीत. मला वाटलं, पुढचा भिडू आई असणार. मी तो फॉर्म यायची वाट बघतोय.”

“या आई कोण?” दिग्दर्शकांनी विचारलं. “कुठल्या गेममधल्या?”

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिने कसंबसं सांगितलं, की त्या तशा जुन्या आहेत, फार पुढे येत नाहीत. दिग्दर्शकांना ते पटलं. आपल्या कुठल्या तरी जुन्या गेममध्ये अशी बाई असेल, म्हणून ते कपाटातून जुने खोके काढायला लागले. दोन तास शेतीच्या गेममधल्या एका कोंबड्या पाळणाऱ्या म्हातारीवर चर्चा झाली. लेखिका मान खाली घालून टिपणं घेत होती. एक खोटं सांभाळायला ती म्हातारी, मग तिच्या कोंबड्या, मग कोंबड्यांची नावं, असं ते वाढतच चाललं होतं.

गुरुवारी दिग्दर्शकांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. शुक्रवारी चार वाजता गेम बंद व्हायचा होता, म्हणजे त्यानंतर त्यात टाचणीएवढाही बदल होणार नव्हता. तोवर ठमी हरली नाही तर तिला काढावं लागेल. जगाला चाळीस सांगून एकोणचाळीस द्यावे लागतील. आणि मग, ते टेबलावरची पेन्सिल सरळ करत म्हणाले, मलाही बऱ्याच गोष्टींचा विचार करावा लागेल. शुक्रवारी तिचे तीन महिने पुरे होत होते. बऱ्याच गोष्टी कोणत्या, हे तिला वेगळं सांगायला नको होतं.

“सर, ती माझी मुलगी आहे,” ती म्हणाली.

“कोण?”

“चाळिसावा भिडू. तो फॉर्म मी घरच्यासाठी भरला होता. तिच्या बाबांना. चुकून फोल्डरात गेला.”

दिग्दर्शकांनी काचेतून बाहेरच्या स्क्रीनकडे पाहिलं. तिथे ठमी ग्रंथपालबाईच्या अंबाड्याला लोंबकळत होती. मग त्यांनी लेखिकेकडे पाहिलं.

“म्हणजे वजन खरं आहे?”

“तेव्हाचं, सर. आता साडेसात भरतं.”

“आणि आई?”

“सासूबाई.”

“उद्या बोलवा त्यांना,” दिग्दर्शक म्हणाले. घर आणि कामाबद्दल ते काही बोलले नाहीत. ते न बोलणंच तिला जास्त लागलं.

घरी तिने सासूबाईंना सगळं सांगितलं, नोकरीचा भाग तेवढा गाळून. ठमीला गप्प करायला तुम्ही नेमकं काय करता, तेवढं लिहून द्या, मी जाऊन सांगते, असं तिचं म्हणणं. सासूबाईंनी जरा विचार केला. मग म्हणाल्या, “अगं, ते हाताला माहीत आहे, मला थोडंच माहीत आहे? लिहून कसं देऊ?” आणि त्यांनी दुपट्याची घडी करून पिशवी भरायला घेतली.

शुक्रवारी अकरा वाजता दोघी आजी-नात ऑफिसात हजर झाल्या. जिना चढून सासूबाईंना धाप लागली होती. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं. ठमीने नुकतंच दंतवैद्याला लोळवलं होतं. सगळे श्वास रोखून उभे होते.

“हिचा दुसरा मोजा कुठाय?” सासूबाईंनी विचारलं.

फोटोत नव्हता, असं मूर्तिकार चाचरत म्हणाला. थंडीचे दिवस आहेत, असं त्या म्हणाल्या. मूर्तिकाराने मुकाट्याने लिहून घेतलं.

इकडे खऱ्या ठमीने एवढी अनोळखी माणसं पाहिली, स्क्रीनवरून आपल्यासारखीच किंकाळी ऐकली आणि तिला वाटलं, हे काम आपलंच आहे. ती सुरू झाली. एक ठमी भिंतीवरून आणि एक ठमी खांद्यावरून. भिंतीवरची कोणीतरी धावत जाऊन बंद केली. खांद्यावरचीला बंद करायचं बटण नव्हतं. लेखिका पुढे झाली, पण सासूबाई खुर्चीत टेकत म्हणाल्या, “तू थांब. मी जरा दम खाते, तोवर यांना घेऊ दे. रोज लढतायत म्हणतेस ना तिच्याशी?”

आधी चाचणीवाल्याने घेतलं. त्याचा चष्मा गेला आणि मिशीही थोडक्यात वाचली. मग त्याने तिला दिग्दर्शकांकडे दिलं, आणि नेमका तेव्हाच सोमवारच्या पाहुण्यांचा फोन आला. दिग्दर्शक ठमीला खाली ठेवायला वाकले. किंकाळी. सरळ झाले. फोन खांद्याने कानाशी धरून, हो साहेब, सगळं अगदी वेळेवर आहे साहेब, असं ते सांगत होते आणि पलीकडचा माणूस, तुमच्याकडे कोणाला मारतायत का, असं विचारत होता. तेवढ्यात नेम धरून दुधाची गुळणी त्यांच्या शर्टाच्या खिशात बसली. मूर्तिकार एकटा आनंदात होता. गेममध्ये ती गुळणी आपण फार उंचावरून घेतली, असं तो पुटपुटला.

पाणी पिऊन झाल्यावर सासूबाई उठल्या. त्यांनी ठमीला घेतलं, खांद्याशी धरलं आणि सगळ्यांकडे पाठ करून खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. ठमीकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. गाणं नाही, थोपटणं नाही, खुळखुळा नाही. खिडकीबाहेर बघत त्यांनी मूर्तिकाराला विचारलं, की इथे जिन्याला कठडा एकाच बाजूला का आहे. मूर्तिकार म्हणाला, माहीत नाही. मग त्यांनी विचारलं, तुमची आई असते का तुमच्याजवळ. तो म्हणाला, असते. त्या म्हणाल्या, बरं असतं. खोलीत एकदम शांतता वाटायला लागली, तेव्हा कुठे सगळ्यांच्या लक्षात आलं की ठमी गप्प झाली आहे. मूर्तिकाराने मनगटावरचं घड्याळ पाहिलं होतं. नऊ सेकंद. आणखी मिनिटाभरात तिची मान कलंडली.

“एवढंच?” दिग्दर्शकांनी खिसा पुसत, हळू आवाजात विचारलं.

“एवढंच कुठलं, साहेब. तुम्ही सगळे तिच्याशी लढताय. ती कुठे लढतेय? तिला घ्यायचं आणि आपण आपल्या जागी उभं राहायचं. आपण कुठे पळून चाललो नाही, एवढं तिला कळलं की झालं.”

लेखिका दाराशी उभी होती. रोज सकाळी आपण ठमीला सासूबाईंकडे देताना कसे घाईघाईने, तिच्या डोळ्यांत बघत, येते हं, येते हं म्हणत निघतो, ते तिला आठवलं. आणि मग दिवसभर तिला खांद्याशी धरून खिडकीत उभं राहणाऱ्या या बाई. नऊ तास. पाच दिवस. तिने डोळ्यांत काही गेल्यासारखं केलं.

अडीच वाजेपर्यंत मूर्तिकाराने ते गेममध्ये बसवलं. ठमीला उचलायचं, पाठ फिरवायची आणि नऊ सेकंद एकही बटण दाबायचं नाही. बस. ठमी झोपते, समोरचा जिंकतो. चाचणीवाला पुढे सरसावला. उचललं. पाठ फिरवली. सहाव्या सेकंदाला त्याचा अंगठा हलला. पुन्हा केलं, सातव्याला हलला. तिसऱ्या वेळी त्याच्या कपाळावर घाम आला. अकरा वर्षांत त्याला कोणी स्वस्थ बसायला सांगितलं नव्हतं.

कोणीतरी कंट्रोलर सासूबाईंच्या हातात दिला. ठमी आता तिच्या आईच्या खांद्यावर दुसऱ्यांदा झोपलेली होती. उचलायचं बटण कोणतं, ते त्यांनी नीट विचारून घेतलं आणि दाबलं. मग कंट्रोलर टेबलावर ठेवून दिला आणि पदराने चष्मा पुसायला घेतला. स्क्रीनवरच्या ठमीने जांभई दिली. टोपडं डोळ्यांवर सरकलं. नऊ सेकंद झाले आणि मोठी अक्षरं उमटली, विजय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पण हवेतल्या हवेत, हात एकमेकांना न लावता.

“झालं का?” सासूबाई चष्मा लावत म्हणाल्या. “मला दिसलंच नाही.”

यानंतर चाचणीवाल्याला युक्ती सापडली. उचलायचं बटण दाबून तो दोन्ही हात मांडीखाली घेऊन बसू लागला. अशा रीतीने एकोणचाळीस भिडूंनी ठमीला ओळीने झोपवलं आणि चारला दहा मिनिटं कमी असताना गेम बंद झाला. मूर्तिकाराने शेवटच्या क्षणी तिला दुसरा मोजाही घातला.

सासूबाई तोवर स्वस्थ बसल्या नव्हत्या. खुर्चीत रेलून त्या बाकीचे भिडू बघत होत्या आणि मनाला येईल ते बोलत होत्या. हा स्वयंपाकी कढई अशी धरेल तर आधी स्वतःचाच हात भाजेल. हा पोलीस लाथ मारणार नाही, दिवसभर उभा असतो तो, आधी बसायला जागा बघेल. दिग्दर्शकांनी सुरुवातीला हसून मान डोलावली, मग खिशातली वही काढली. ती ओली झाली होती, तर लेखिकेची मागून घेतली. चार वाजता ते सासूबाईंच्या समोर येऊन बसले. तिसरा भाग करायचा आहे, असं म्हणाले. माणसं कशी वागतात हे सांगणारं कोणी ऑफिसात नाही, सगळे बटणं दाबणारे आहेत. आजी, तुम्ही मंगळवारी आणि गुरुवारी याल का?

लेखिकेला वाटलं, सासूबाई हसून नाही म्हणतील. त्यांनी पिशवीचे बंद आवळले. त्या म्हणाल्या, “येईन की. पण त्या दोन दिवशी ठमीला कोण बघणार? हिला घरी राहू देत असाल तर येते.”

“त्यात काय,” दिग्दर्शक म्हणाले, “त्या घरून लिहितील. लिहायला ऑफिस कशाला लागतं?” आणि हे आपण पहिल्यापासूनच म्हणत आलो आहोत अशा चेहऱ्याने ते लेखिकेकडे वळले. कायम केल्याचा कागद त्यांनी उभ्या उभ्याच तिच्या हातात दिला. त्याच्या कोपऱ्यावर दुधाचा डाग होता.

पाच वाजता तिघी परतीच्या बसमध्ये बसल्या. ठमी मध्ये, जागी, खिडकीच्या काचेला ओठ लावून. तिच्या आईला पुष्कळ काही बोलायचं होतं आणि सुरुवात कुठून करावी ते कळत नव्हतं. शेवटी तिने भलतंच विचारलं, की आई, तुम्हाला खरंच आवडली का ती मारामारी.

“छे गं. एक डोळा मिटून बघत होते. खुर्ची मात्र छान आहे त्यांची, मागे टेकता येतं.”

“मग हो का म्हणालात?”

सासूबाई खिडकीबाहेर बघत होत्या. “परवा ती बसायला शिकली ना, दुपारी तीन वाजता. उशी नव्हती काही नव्हती, आपली आपण बसली. मी टाळ्या वाजवल्या, पण मनात म्हटलं, हे हिच्या आईने बघायला हवं होतं. आता आठवड्यातून दोन दिवस बघशील.”

आणि ही तीन महिने समजत होती की दोन दिवस सासूबाईंसाठी मागायचे आहेत. ते सांगायला ती वळली. तोवर सासूबाईंची मान हळूहळू मागे टेकली आणि त्यांना डोळा लागला. तोंड जरासं उघडं, हात अजून पिशवीवर. त्यांना असं झोपलेलं तिने कधी पाहिलंच नव्हतं. ती घरी असताना त्या नेहमी जाग्या असत.

त्यांचा थांबा आला. चालकाने आरशातून पाहिलं. तो तिला रोजची प्रवासी म्हणून ओळखत होता. तिने मान हलवून नको म्हटलं. दारं मिटली आणि बस पुढे निघाली. मग पुढचा थांबा गेला, त्याच्या पुढचा गेला. ठमी आईच्या मांडीवर आली आणि दोघी मिळून अनोळखी दुकानं बघायला लागल्या. शेवटपर्यंत जाऊन हीच बस परत फिरे. सगळी मिळून पाऊण तासाची फेरी.

“आपला थांबा गेला,” सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

“माहीत आहे, आई.”

“मग ठीक आहे,” असं म्हणून त्यांनी पिशवीवरचा हात काढला, सुनेच्या हातावर ठेवला आणि घोरायला लागल्या.